मेणवली दप्तर

मेणवली दप्तर हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, मुख्यतः मोडी लिपीतील मराठी कागदपत्रांचा संग्रह आहे. पेशवाईतील मुत्सद्दी आणि फडणीस नाना फडणवीस (बाळाजी जनार्दन भानू, १७४२–१८००) यांच्याकडे जमा झालेला राजकीय पत्रव्यवहार हा या संग्रहाचा गाभा आहे. सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या मेणवली या गावी नानांचा वाडा होता. हे कागद त्यांच्या घराण्याकडे राहिल्यामुळे संग्रहाला त्या गावाचे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहाचा भाग म्हणून हे दप्तर साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात होते. १९३९ मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे सोपवण्यात आला आणि तेथील मराठा इतिहास संग्रहालयाचा भाग झाला.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मुलकी हिशेबांचे आणि कारभाराचे कागद मोठ्या प्रमाणावर आहेत. नानांच्या काळातील परराज्यांशी झालेला पत्रव्यवहार मात्र बऱ्याच अंशी नानांच्या खासगी दप्तरात राहिला. त्यामुळे १७७४ ते १८०० या काळातील मराठ्यांच्या राजकारणाच्या अभ्यासासाठी पेशवे दप्तराच्या जोडीने मेणवली दप्तर पाहावे लागते.

नाव आणि व्याप्ती

'दप्तर' हा शब्द मराठीत कार्यालय आणि त्या कार्यालयातील कागदांचा साठा अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधून ठेवण्याची पद्धत होती. अशा गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. घराण्याच्या किंवा गावाच्या नावाने दप्तर ओळखण्याची प्रथा जुनी असून पेशवे दप्तर, गुळगुळे दप्तर ही तिची इतर उदाहरणे होत.

मेणवली दप्तर आणि पारसनीस संग्रह ही नावे पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरली जातात. तथापि ती समानार्थी नाहीत. पारसनीसांनी अनेक घराण्यांकडून कागद, चित्रे, नकाशे व वस्तू मिळवल्या होत्या. मेणवलीहून आलेले कागद हा त्यांच्या संग्रहाचा एक महत्त्वाचा भाग आहे. त्याचप्रमाणे साताऱ्यातील आजचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय ही पारसनीसांच्या संग्रहालयाहून वेगळी आणि नंतरची संस्था आहे.

पार्श्वभूमी

फडणिशी आणि हुजूर दप्तर

पेशव्यांच्या मध्यवर्ती कचेरीला हुजूर दप्तर म्हणत. तिचे 'चालते दप्तर' आणि 'एकबेरीज दप्तर' असे दोन मुख्य भाग होते. चालत्या दप्तरात फड, बेहेडा आणि सरंजाम अशा शाखा असून त्यांपैकी फड थेट फडणीसाच्या हाताखाली चाले. सनदा, वराता, नेमणुका व खर्चाचे हुकूम यांची नोंद फडातून झाल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे. पैशाच्या प्रत्येक वाटेवर फडणीसाची नजर असल्यामुळे हे पद मुळात हिशेबाचे असूनही राज्यकारभारात त्याचे वजन मोठे होते.

भानू घराण्याकडे फडणिशी वंशपरंपरेने होती. वडील जनार्दनपंत यांच्या निधनानंतर १७५६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, नाना फडणीस झाले. १७६१ च्या पानिपतच्या लढाईच्या वेळी ते मराठी सैन्याबरोबर होते आणि त्यातून बचावून परतले. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७४ मध्ये रघुनाथरावांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाई मंडळात ते पुढे आले. सवाई माधवराव अल्पवयीन असल्याने पुढील दोन दशके पुण्याचा कारभार प्रामुख्याने त्यांच्या हाती राहिला.

राजकीय पत्रव्यवहार

या काळात पुणे दरबारचे वकील दिल्ली, हैदराबाद, नागपूर आदी ठिकाणी असत. दिल्लीत हिंगणे घराण्याकडे वकिली होती. हैदराबादेत निजामाकडे गोविंदराव कृष्ण काळे होते. वकील दरबारात घडलेल्या गोष्टी, फौजांच्या हालचाली, कर्जे, आजारपणे, अफवा आणि संभाषणे यांचा तपशील लिहून पाठवत. पत्रे जासुदांच्या जोडीबरोबर रवाना होत. पत्र पोहोचल्यावर त्यावर पैवस्तीची, म्हणजे पोहोचल्याची, तारीख टाकली जाई. पत्र लिहिल्याची आणि मिळाल्याची अशा दोन्ही तारखा उपलब्ध असल्या की एखादी बातमी पुण्यास किती दिवसांत कळली, हेही अभ्यासकाला काढता येते.

हा पत्रव्यवहार राज्याचा असला तरी तो ज्या व्यक्तीच्या नावाने येई, तिच्याजवळ राहत असे. आजच्या अर्थाने सरकारी आणि खासगी कागद यांत काटेकोर भेद नव्हता. पटवर्धन, शिंदे, होळकर किंवा हिंगणे यांच्या घरी सापडलेली कागदपत्रेही याच स्वरूपाची आहेत. नानांच्या बाबतीत या प्रथेचा परिणाम अधिक दूरगामी झाला, कारण अनेक वर्षे परराज्यव्यवहाराचे सूत्र एकाच माणसाच्या हाती होते.

इतिहास

मेणवली येथे

मेणवली हे कृष्णा नदीच्या काठचे गाव नानांना औंधचे भवानराव प्रतिनिधी यांच्याकडून १७६८ मध्ये मिळाले. तेथे नानांनी वाडा, नदीवरील घाट आणि मंदिरे बांधली.

नानांच्या अखेरच्या वर्षांत पुण्यातील परिस्थिती कागदपत्रांच्या सुरक्षिततेस अनुकूल नव्हती. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि वारसाहक्कावरून कारस्थानांना सुरुवात झाली. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नानांना कैद करण्यात आले. त्या वेळी पुणे शहरात नानांच्या पक्षातील लोकांच्या घरांवर हल्ले व लूट झाली. त्यात पुढाकार घेणारे सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटगे हे कागलकर घाटगे घराण्यातील होते. आज पंचतारांकित औद्योगिक वसाहतीमुळे परिचित असलेले कोल्हापूर जिल्ह्यातील कागल हे त्या काळी घाटग्यांचे ठिकाण होते. सर्जेरावांची कन्या बायजाबाई यांचा विवाह १७९८ मध्ये दौलतराव शिंदे यांच्याशी झाला. नानांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले व १७९८ मध्ये त्यांची सुटका झाली. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत हुजूर दप्तराची जुनी शिस्त मोडली. दप्तराकडे दुर्लक्ष झाले आणि तेथील नोकरवर्गही कमी झाला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर उरलेले दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. पुढे इनामांच्या चौकशीसाठी त्याचा उपयोग झाल्याने महसूल व हक्क यांसंबंधीच्या कागदांना सरकारदरबारी महत्त्व आले. नानांच्या घराण्याकडील कागद या व्यवस्थेच्या बाहेर राहिले. नानांच्या पत्नी जिऊबाई पतीच्या निधनसमयी अल्पवयीन होत्या. ब्रिटिशांकडून त्यांना वार्षिक १२,००० रुपयांचे निवृत्तिवेतन मिळाले आणि त्यांचे उत्तरायुष्य मेणवलीस गेले. घराण्याकडील कागद त्यानंतरही तेथील वाड्याशी निगडित राहिले.

पारसनीस आणि साताऱ्याचे संग्रहालय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात ऐतिहासिक कागद मिळवून छापण्याची चळवळ सुरू झाली. 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक १८७८ मध्ये निघाले. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९२ मध्ये नाना फडणवीसांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि पुढे पटवर्धन घराण्याच्या कागदांवर आधारित 'ऐतिहासिक लेखसंग्रह' ही माला हाती घेतली. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला. सरकारच्या ताब्यातील पेशवे दप्तर या काळात संशोधकांना मुक्तपणे पाहता येत नव्हते. त्यामुळे सरदार, वकील, चिटणीस व फडणीस यांच्या वारसांकडील खासगी दप्तरांना विशेष मोल आले.

दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) हे या पिढीतील प्रमुख संग्राहक होते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई आणि ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांची चरित्रे त्यांनी लिहिली, तसेच सी. ए. किंकेड यांच्यासह मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. १९०८ मध्ये त्यांनी 'इतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले. मेणवलीचे कागद त्यांच्या हाती आल्यावर त्यांतील निवडक पत्रे छापील रूपात अभ्यासकांपुढे येऊ लागली. पारसनीसांच्या संग्रहासाठी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. त्यांच्या निधनानंतर द. बा. डिस्कळकर यांनी या संग्रहालयाचे अभिरक्षक म्हणून काम पाहिले.

डेक्कन कॉलेजमध्ये

डेक्कन कॉलेजचा उगम १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत आहे. पेशव्यांच्या काळात विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ती स्थापन केली होती. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. येरवड्याच्या सध्याच्या इमारतीसाठी सर जमशेटजी जिजीभाई यांनी मोठी देणगी दिली. १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले. लोकमान्य टिळक, गोपाळ गणेश आगरकर आणि राजवाडे हे तेथील विद्यार्थी होते.

ऐतिहासिक साहित्य सांभाळण्याची कॉलेजची ही पहिली वेळ नव्हती. मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात गोळा केलेली संस्कृत व प्राकृत हस्तलिखिते डेक्कन कॉलेजमध्ये ठेवलेली होती. ब्यूलर, कीलहॉर्न आणि रा. गो. भांडारकर यांनी त्या संग्रहात भर घातली होती. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाल्यावर, १९१८ मध्ये हा संग्रह त्या संस्थेकडे गेला.

१९३४ मध्ये सरकारने काटकसरीसाठी कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयीन लढा दिला आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा सुरू झाले. भाषाशास्त्र, पुरातत्त्व, समाजशास्त्र आणि मराठ्यांचा इतिहास हे विषय तेथे आले. ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या नेमणुका याच पर्वातील आहेत. साताऱ्याचा पारसनीस संग्रह त्याच वर्षी संस्थेकडे आल्याने मराठ्यांच्या इतिहासाच्या विभागाला आरंभापासूनच अस्सल कागदांचा आधार मिळाला. शिकवणारे, संशोधन करणारे आणि मूळ साधने एकाच आवारात असणे ही त्या काळी महाराष्ट्रात दुर्मीळ गोष्ट होती.

कागदांचे स्वरूप

प्रकार

अशा दप्तरात पुढील प्रकारचे कागद आढळतात:

पत्रे – वकील, सरदार, कारकून, सावकार आणि नातलग यांची. आरंभी 'श्री', त्यानंतर पत्र घेणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे मायना आणि शेवटी विनंती किंवा आशीर्वाद अशी त्यांची रचना असते. मायन्यावरून लिहिणारा व घेणारा यांचे नाते व मानपान कळतात.
अखबार – दरबारातील रोजच्या घडामोडींचे वार्तापत्र. दिल्लीचे अखबार फार्सीत असत.
यादी – मागण्या, अटी, मुद्दे किंवा वस्तूंची कलमवार नोंद. तहाच्या वाटाघाटींत दोन्ही पक्षांच्या यादींची देवाणघेवाण होत असे.
तहनामे व करार – मूळ किंवा नकला.
मसुदे – पाठवायच्या पत्रांचे कच्चे खर्डे. खाडाखोड केलेला मसुदा मिळाल्यास काय लिहायचे ठरले होते आणि काय वगळले, हे दिसते.
हिशेब – जमाखर्च, ताळेबंद, हुंड्या व वराता.

लिपी

बहुतेक कागद मोडीत आहेत. मोडी बोरूने, हात शक्य तितका कमी उचलून लिहिली जाई. आधी पूर्ण ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत. शब्दांमध्ये जागा सोडत नसत. ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकार यांत भेद करत नसत. 'राजश्री', 'मुक्काम', 'पैवस्ती' यांसारखे नेहमीचे शब्द आद्याक्षरे आणि दोन उभ्या दंडांनी सूचित केले जात. त्यामुळे अक्षरओळख झाली तरी वाचन लगेच जमत नाही. कारकुनाचे वळण, तत्कालीन फार्सी-अरबी शब्द आणि पत्राचा संदर्भ हे तिन्ही माहीत असावे लागतात. व्यक्तींची व गावांची नावे वाचताना चूक होण्याचा संभव अधिक असतो, कारण तेथे वाक्याच्या अर्थाची मदत मिळत नाही.

कालगणना

पत्रांत इसवी सन नसतो. दिवस व महिना चांद्र मुसलमानी पद्धतीने देऊन त्याआधी 'छ' (चंद्र) हे अक्षर लिहीत आणि वर्ष शुहूर सनात देत. शुहूर सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे साधारण जूनच्या आरंभी सुरू होत असल्याने त्याला मृगसाल असेही म्हणतात. वर्षाचे आकडे अरबी शब्दांत, एकं-दहं-शतं-सहस्र या क्रमाने लिहिले जात. 'इसन्ने समानीन मया व अलफ' याचा अर्थ दोन, ऐंशी, शंभर व हजार, म्हणजे शुहूर सन ११८२. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी शुहूर सनात ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेसाठी ६०० मिळवल्यास इसवी सन येतो. १७ मे १७८२ चा सालबाईचा तह याच ११८२ सनात, तर मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई ११९५ सनात ('खमस तिसैन मया व अलफ') येते.

वर्ष सौर आणि महिने चांद्र असल्यामुळे एकच मुसलमानी महिना एखाद्या शुहूर सनाच्या सुरुवातीला व पुन्हा अखेरीस येऊ शकतो. शिवाय अनेक पत्रांत महिना व दिवस असतो, पण वर्ष नसते. अशा वेळी मजकुरातील घटनांवरून वर्ष ठरवावे लागते. संपादकाने दिलेली तारीख हा त्यामुळे पुष्कळदा त्याचा निष्कर्ष असतो, आणि नवा कागद सापडल्यास तो बदलू शकतो.

प्रकाशित साहित्य

पारसनीसांनी 'इतिहाससंग्रहा'तून प्रसिद्ध केलेल्या साहित्यात 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' या दोन भागांतील पत्रांचा समावेश आहे. ती १९१३–१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. पारसनीस संग्रहातील फार्सी वार्तापत्रांचे इंग्रजी भाषांतर जदुनाथ सरकार यांनी केले. १७६१ ते १७८८ या काळातील दिल्लीच्या घडामोडींविषयीचा त्याचा पहिला खंड १९५३ मध्ये आणि महादजी शिंदे यांच्या दिल्लीतील अधिकाराविषयीचा दुसरा खंड १९५४ मध्ये मुंबई सरकारने प्रकाशित केला.

मेणवली दप्तराच्या नावाने झालेले सर्वांत महत्त्वाचे प्रकाशन म्हणजे शेजवलकर यांनी संपादित केलेले 'नागपूर अफेअर्स'. शीर्षक इंग्रजी असले तरी त्यात दप्तरातील निवडक मराठी पत्रे आहेत. डेक्कन कॉलेजच्या ग्रंथमालेत त्याचा पहिला खंड १९५४ मध्ये आणि दुसरा १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजवलकर (निधन १९६३) यांचा 'पानिपत १७६१' हा ग्रंथही डेक्कन कॉलेजनेच १९४६ मध्ये प्रकाशित केला होता. त्यांच्या 'श्री शिवछत्रपती' या ग्रंथास मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

इतिहासलेखनातील महत्त्व

पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाले. त्यामुळे पेशवाईच्या कारभाराचे आणि मोहिमांचे चित्र बरेच स्पष्ट झाले. नानांच्या काळातील परराज्यव्यवहारासाठी मात्र अभ्यासकांना मेणवलीकडे, तसेच इंग्रजांच्या पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराकडे वळावे लागते. चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. एकाच भेटीविषयी मॅलेटने कलकत्त्यास काय कळवले आणि मराठी वकिलांनी व कारकुनांनी काय लिहिले, हे शेजारी ठेवून पाहता येणे हा या दोन संग्रहांचा मोठा उपयोग आहे.

नागपूरकर भोसल्यांसंबंधीची पत्रे हे या दप्तराच्या महत्त्वाचे ठळक उदाहरण आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात नानांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. ठरलेल्या योजनेनुसार भोसल्यांनी बंगालवर चाल करायची होती. मुधोजी भोसल्यांचे पुत्र चिमणाजी बापू यांच्या हाताखाली मोठी फौज कटकच्या दिशेने गेली. पण तिने बंगालवर निकराची चढाई केली नाही आणि वॉरन हेस्टिंग्जने पैसे देऊन तिला थोपवले. एवढ्या निष्कर्षावरून नागपूरने पुण्याचा विश्वासघात केला असे म्हणता येते. परंतु नागपूरचे दिवाण देवाजीपंत चोरघडे यांसारख्या मध्यस्थांचा व्यवहार, पुण्याकडून अपेक्षित असलेली मान्यता व पैसा, फौजेच्या खर्चाची ओढाताण आणि भोसले घराण्यातील जुने तंटे यांचा विचार पत्रांच्या आधारे केल्यास प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असल्याचे दिसते. मराठा राज्यमंडळातील मोठे सरदार पुण्याचे नोकर होते की सहयोगी, हा वाद अशाच कागदांवर तपासून पाहता येतो.

नानांविषयीचे मूल्यमापनही या कागदांशी निगडित आहे. १८५१ मध्ये कॅप्टन ए. मॅकडोनाल्ड यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले तेव्हा हा पत्रव्यवहार छापील रूपात उपलब्ध नव्हता. बखरी, इंग्रजी अहवाल आणि लोकांच्या आठवणी यांवर त्या काळच्या लेखनाची भिस्त होती. पत्रे प्रकाशात आल्यानंतर नानांच्या धोरणाची तपासणी घटनेच्या वेळी त्यांना काय माहीत होते, या कसोटीवर करणे शक्य झाले.

मर्यादा

या दप्तराचा उपयोग करताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा दप्तराच्या घडणीतच आहे. माणसाच्या घरी मुख्यतः त्याला आलेली पत्रे साठतात. त्याने पाठवलेली पत्रे दुसऱ्यांच्या घरी जातात. नानांचे म्हणणे मूळ शब्दांत पाहायचे असल्यास त्यांनी ज्यांना लिहिले त्या पटवर्धन, शिंदे आदींची दप्तरे पाहावी लागतात. मसुदे उपलब्ध असतील तेथेच ही उणीव भरून निघते.

दुसरी मर्यादा लिहिणाऱ्याची. वकिलाची नेमणूक, बढती आणि पगार धन्यावर अवलंबून असे. आपण किती जागरूक आहोत हे दाखवण्याकडे आणि धन्याला रुचेल तो अर्थ लावण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे. अफवा आणि पाहिलेली गोष्ट यांत पत्रलेखक नेहमीच भेद करत नाही.

तिसरी मर्यादा निवडीची आहे. वाड्यातून संग्राहकाकडे, तेथून संग्रहालयात आणि मग कॉलेजात अशा स्थलांतरांत कागदांचा मूळ क्रम टिकवणे अवघड असते. एखादे पत्र कोणत्या रुमालात, कोणत्या पत्रांच्या शेजारी होते यावरूनही त्याचा काळ व हेतू ठरवता येतो. क्रम गेला की हा पुरावा नष्ट होतो. संपादकांनी राजकीय पत्रांना प्राधान्य दिल्यामुळे हिशेब, घरखर्च, स्त्रियांची पत्रे आणि सावकारी व्यवहार यांच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. छापील खंड म्हणजे संपूर्ण दप्तर, असे समजणे त्यामुळे चुकीचे ठरते.

जतन आणि वापर

अठराव्या शतकातील मराठी कागद हातबनावटीचा आणि शाई काजळाची आहे. काजळाची शाई प्रकाशाने फिकी होत नाही, पण पाण्याने पसरते. वाळवी, कसर आणि दमट हवा हे कागदाचे मुख्य शत्रू आहेत. घडीवर झिजून कागद फाटतो आणि नेमक्या त्या ओळीतील अक्षरे जातात. पावसाळ्यातील आर्द्रतेमुळे महाराष्ट्रातील सर्वच जुन्या दप्तरांना हा धोका असतो.

दुसरी अडचण वाचकांची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोडी नित्य व्यवहारात होती. छपाईसाठी आणि शिक्षणात देवनागरीचा स्वीकार झाल्यावर ती मागे पडली, आणि आज ती वाचू शकणाऱ्यांना स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे, तसेच विद्यापीठे व इतिहाससंस्थांतर्फे मोडीचे वर्ग चालवले जातात. कागदाचे छायाचित्र काढल्याने तो हाताळावा लागत नाही आणि त्याचे आयुष्य वाढते. मात्र वाचन, तारीखनिश्चिती आणि सूची ही कामे त्यानंतरही जाणकार माणसांनाच करावी लागतात. अप्रकाशित कागदांची वर्णनात्मक सूची ही अशा संग्रहाची पहिली गरज असते, कारण सूचीत नसलेला कागद सुरक्षित असूनही अभ्यासकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच राहतो.

डेक्कन कॉलेजला १९९० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुरातत्त्व आणि संस्कृत कोश यांसाठी संस्था अधिक प्रसिद्ध असली, तरी मराठा इतिहास संग्रहालयातील कागदपत्रे, चित्रे व नकाशे यांच्यामुळे पेशवेकालीन इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ती महत्त्वाचे केंद्र आहे.

हे सुद्धा पहा

नाना फडणवीस
पेशवे दप्तर
दत्तात्रय बळवंत पारसनीस
त्र्यंबक शंकर शेजवलकर
डेक्कन कॉलेज
मोडी लिपी